रविवारचा बिघाड

मास्तरांना आयुष्यात पहिल्यांदाच नापास व्हायचं होतं, आणि हे काम वाटतं तेवढं सोपं नाही हे त्यांना परीक्षेच्या आदल्या दिवशी कळलं. भोपळा मिळवायला अक्कल लागत नाही. त्यांच्या वर्गात तो पोरं हसतखेळत मिळवत. पण मास्तरांना नापास व्हायचं होतं ते काठावर, थोडक्यात, बघणाऱ्याला हळहळ वाटावी अशा बेतानं. परीक्षा होती सुट्या भागांतून कॉम्प्युटर जोडण्याची. परीक्षक होती त्यांची एकुलती एक मुलगी. आणि आपण पास झालो तर ती दर रविवारी घरी यायची बंद होणार, याबद्दल मास्तरांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

मास्तर गणिताचे. निवृत्त होऊन किती काळ लोटला तरी गल्लीत त्यांना नावानं कोणी ओळखत नसे, आणि ज्यांनी त्यांच्या हातचा मार खाल्ला होता ती माणसं केस पिकल्यावरही त्यांना बघून रस्ता बदलत. ग्रेस मार्क या दोन शब्दांचा त्यांना मनस्वी तिटकारा होता. उत्तर बरोबर असतं नाहीतर चूक असतं, मधे धर्मशाळा नसते, असं ते म्हणत. तोंडावर मारून झाल्यावर आणखी एक वाक्य असे, "एवढंही येत नाही?" ते वाक्य त्यांनी इतक्या वेळा वापरलं होतं की फळ्यावर कायमचं लिहून ठेवलं असतं तर त्यांचा घसा वाचला असता.

याच मास्तरांनी आपल्या पोटच्या पोरीला नववीत एका मार्कानं नापास केलं होतं. उत्तर बरोबर होतं तिचं. मधली एक पायरी तिनं गाळली होती. पायरी गाळली की मार्क कापायचा हा मास्तरांचा नियम, आणि नियमाला पोटची पोर ठाऊक नसते. हेडमास्तरांनी शाळेसमोर त्यांचं तोंड भरून कौतुक केलं, पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्या वाजवणाऱ्यांत मुलगीही उभी होती. घरी बायको एवढंच म्हणाली, "एक मार्क होता हो." मास्तर म्हणाले, पुढच्या वर्षी परत बसेल.  मुलगी परत बसली, पास झाली, शाळा संपवली आणि पुस्तकांना रामराम ठोकून कॉम्प्युटर दुरुस्तीच्या एका दुकानात झाडू मारायला लागली. आता ते दुकान तिचं स्वतःचं होतं. बापलेकीत भांडण असं कधी झालं नाही. दोघं एकमेकांशी फार व्यवस्थित वागत, आणि त्याचाच मास्तरांना अलीकडे त्रास व्हायचा.

बायको होती तोवर बोलणं तिच्या मार्फत चाले. ती गेली आणि टपालच बंद पडलं. मुलगी फोन करायची, औषध घेतलं का विचारायची, मास्तर घेतलं म्हणायचे, की झालं. बाहेरच्या खोलीत बायकोचा जुना कॉम्प्युटर कापडाखाली पडून होता. ती त्यावर बहिणीशी गप्पा मारायची आणि पत्ते खेळायची. मास्तर सवयीनं रोज सकाळी तो चालू करायचे, बघायचे आणि बंद करायचे. एक दिवस तो नुसताच तीनदा ओरडला आणि पडदा काळाच राहिला. मास्तरांनी मुलीला कळवलं. रविवारी ती हत्यारांची पिशवी घेऊन हजर झाली.

तिनं कॅबिनेट जमिनीवर आडवं केलं, बाजूचं झाकण काढलं, आतून एक हिरवी पट्टी उपसली आणि विचारलं, "खोडरबर आहे का?" गणिताच्या मास्तरांच्या घरात बाकी काही नसेल, खोडरबर मात्र पैशाला पासरी. ही रॅम, म्हणाली, हिचे सोनेरी दात काळे पडले की असं होतं. खोडरबर घासता घासता ती दुकानातल्या एका गिऱ्हाइकाची गंमत सांगू लागली. त्यानं कीबोर्ड साबणाच्या पाण्यात भिजत घातला होता. मास्तर हसले. मग ते त्यांच्या शाळेतल्या शिपायाचं काहीतरी बोलले आणि ती हसली. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हती, दोघंही त्या उघड्या पेटीत बघत होती, आणि बहुधा म्हणूनच बोलता येत होतं. दुपार कशी गेली ते कळलं नाही. चहा दोनदा झाला. मास्तरांना त्या रात्री फार दिवसांनी गाढ झोप लागली.

पुढच्या रविवारी ती आली नाही. कॉम्प्युटर ठणठणीत होता, मग येणार कशाला? त्याच्या पुढच्याही रविवारी नाही. मास्तरांनी सहज म्हणून फोन केला तर म्हणाली, कामं तुंबली आहेत, बाबा. शेवटी मास्तर गणिताचे. कारण आणि परिणाम त्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. त्यांनी पेटीच्या मागची एक वायर उपटली आणि कॉम्प्युटर बंद पडला म्हणून कळवलं.

"मागची वायर ढिली झाली असेल, दाबून बघा," मुलगी फोनवर म्हणाली. आता काय बोलणार? मास्तरांनी वायर दाबली, कॉम्प्युटर चालू झाला, आणि फोनही संपला. मास्तर तोंडात मारल्यासारखे बसून राहिले. म्हणजे बिघाड असा हवा होता की जो फोनवरून निघणार नाही, आणि समोर आली तरी पटकन सापडणार नाही. असा बिघाड करायचा तर आत काय काय असतं ते यायला हवं. कॉम्प्युटर बिघडवता यावा म्हणून मास्तर कॉम्प्युटर शिकू लागले.

सवयीप्रमाणे त्यांनी आधी एक जाडजूड पुस्तक आणलं. तांबड्या पेन्सिलीनं खुणा करत ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, व्याख्या पाठ केल्या, स्वतःचीच तोंडी परीक्षा घेतली आणि स्वतःला पैकीच्या पैकी मार्क दिले. मग झाकण उघडलं. पुस्तकातल्या चित्रात सगळं चौकोनी, नीटनेटकं, बाण मारलेलं होतं. पेटीत धूळ, वायरींचा गुंता आणि एक मेलेलं झुरळ. मास्तरांना पंखा तेवढा ओळखता आला. जन्मभर पोरांना पाठ करा, पाठ करा म्हणून बडवलं, ते त्यांना तेव्हा आठवलं आणि त्यांनी पुस्तक कपाटात ठेवून दिलं.

त्यानंतर त्यांनी भंगारवाल्याकडून दोन मोडक्या पेट्या आणल्या आणि जेवणाच्या टेबलावर मांडल्या; रविवारी त्या पलंगाखाली जायच्या. हाताला जे लागेल ते सोडवायचं आणि परत बसवायचं. बोटं कापली. स्क्रू हरवले आणि पायाला टोचल्यावर सापडले. एकदा प्रोसेसर उलटा बसवायच्या नादात त्याच्या खालच्या केसासारख्या पिना वाकल्या, एकदा असा वास सुटला की खालच्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर धावत वर आला. डॉक्टर भला माणूस. त्यानं प्रकरण पाहिलं, खाली जाऊन आपली टोकदार सळई आणि दात बघायचा छोटा आरसा आणला, आणि दोघांनी मिळून त्या पिना एकेक करून सरळ केल्या. हे आमच्याच धंद्यातलं आहे, डॉक्टर म्हणाला. तो आरसा नंतर मास्तरांकडेच राहिला. मोबदल्यात त्यांनी दवाखान्याचा कॉम्प्युटर दुरुस्त करून दिला, फक्त एका अटीवर: मुलीच्या कानावर जाता कामा नये. या वयात माणसं बाटली लपवतात मास्तर, तुम्ही स्क्रू लपवता, असं म्हणून डॉक्टर हसला, पण मूग गिळून बसला.

आता मास्तरांचे बिघाड दर्जेदार होऊ लागले. एकदा त्यांनी रॅमच्या एका दातावर पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा लावला. एकदा चालू करायच्या बटणाची बारीक वायर एका पिनेनं बाजूला सरकवली. पण त्यांचा सर्वांत लाडका बिघाड म्हणजे प्रोसेसरवरच्या पंख्याची वायर नुसती सैल करून ठेवायची. कॉम्प्युटर सुरुवातीला छान चालतो, मग तापतो आणि आपोआप बंद पडतो. म्हणजे बिघाड दिसायची वाट बघत बसावं लागतं. वाट बघताना चहा होतो, बिस्किटं होतात, जुन्या गोष्टी निघतात. एका रविवारी तर मुलीनं आईचा विषय काढला. आई पत्ते खेळताना कॉम्प्युटरलाही कशी फसवायची ते तिनं सांगितलं, आणि दोघंही मग कॉम्प्युटर बंद पडायची वाट बघत बसली. त्या गप्प बसण्याचं मास्तरांना ओझं वाटलं नाही. आपण सुखात आहोत हे त्यांना कळत होतं, आणि लबाडीनं मिळालंय हेही कळत होतं, पण पश्चात्ताप मात्र काही केल्या होईना.

सुखाला दृष्ट लागली ती मुलीच्या चांगुलपणामुळे. हा डबा सारखा बिघडतो, म्हणाली, दर वेळी माझी वाट बघत बसता, त्यापेक्षा मी तुम्हालाच शिकवते. मास्तरांना आधी आनंदाच्या उकळ्या फुटल्या, कारण शिकवणी म्हणजे बिघाडाशिवायच रविवार नक्की. मग सुरू झालं नाटक. आपल्याला येतं ते येत नाही असं दाखवणं मास्तरांना जन्मात जमलं नव्हतं. येत नाही ते येतं असं दाखवणाऱ्यांना मात्र त्यांनी हजारोंनी पकडलं होतं. त्यांनी रॅमला बॅटरी म्हटलं. स्क्रू उलटा फिरवला. पंख्याकडे बोट दाखवून, हा गार हवेसाठी का गं, असं विचारलं. मुलगी दर वेळी तेच पुन्हा सांगायची, न वैतागता, त्यांचा हात हातात घेऊन रॅम कशी दाबायची ते दाखवायची. दोन्ही बाजूंनी टक् असा आवाज आला पाहिजे, बाबा. चुकलं तर म्हणायची, होतं असं, काढा आणि परत लावा. एवढंही येत नाही, असं ती एकदाही म्हणाली नाही. मास्तर त्या वाक्याची प्रत्येक रविवारी वाट बघत होते. ते आलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. ते येत नव्हतं आणि त्यांना लाज वाटत होती, अगदी खरीखुरी, कानाच्या पाळ्या गरम होईपर्यंत.

आणि मग एका रविवारी जाता जाता ती म्हणाली की आता परीक्षा. पुढच्या वेळी मी सगळे सुटे भाग घेऊन येते, तुम्ही एकट्यानं कॉम्प्युटर जोडायचा. जमला, तर तुमचं तुम्हाला येतं, माझ्यावाचून काही अडत नाही. नाहीच जमला तर एक नवा छोटा लॅपटॉप आणून देते. बंद डबा असतो, उघडायची भानगडच नाही.

मास्तरांची पाचावर धारण बसली. पास झालो तर ती येणार नाही. साफ नापास झालो तर बंद डबा येणार, आणि बंद डब्यासाठीही ती येणार नाही. मधे धर्मशाळा नसते हे त्यांचंच वाक्य त्यांच्याकडे बघून दात काढत होतं. वाचायचं असेल तर एकच जागा होती: बाबांना जवळजवळ आलंय, थोडंसंच राहिलंय, आणखी एक रविवार लागेल, असं तिला वाटलं पाहिजे. म्हणजे एका मार्कानं जायचं. ते आदल्या दिवशी डॉक्टरकडे गेले तेव्हा डॉक्टर कुणाची तरी दाढ बघत होता. मुलीला सरळ सांगा ना, दर रविवारी येत जा म्हणून, असं तो तोंडावरचा मास्क न काढताच म्हणाला. मास्तर त्याच्याकडे बघतच राहिले. कशाची तरी मागणी करायची, आणि तीही तिच्याकडे, हा उपाय त्यांच्या डोक्यातच आला नव्हता, आणि आल्यावरही तो त्यांना प्रोसेसर उलटा बसवण्याइतकाच अशक्य वाटला.

रविवारी मुलगी खोका घेऊन आली. भाग टेबलावर मांडले, फोन पालथा ठेवला, खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "करा सुरू." मास्तरांनी बेत आखून ठेवला होता: रॅम एका बाजूनं अर्धवट बसवायची. नवशिक्याची नेहमीची चूक. पण अंगठे कुणाचं ऐकतात? रॅम खाचेत ठेवली आणि दोन्हीकडे टक् टक् वाजलं. बरं, मग प्रोसेसर तापू नये म्हणून लावायची पेस्ट भसाभसा लावू. बोटांनी मुगाच्या दाण्याएवढी ठेवली, ना कमी ना जास्त. मागची पत्र्याची पट्टी विसरू म्हटलं, तर ती कधी बसवली ते त्यांना आठवेना. मास्तर घामाघूम झाले. प्रत्येक भाग जागेवर बसला की छाती फुगत होती. लेकीसमोर एवढं सुंदर काम करतोय आणि तेच आपल्या मुळावर येणार. वायरी त्यांनी मदरबोर्डाच्या मागून फिरवून आणल्या, कोपऱ्याकोपऱ्यावर प्लास्टिकच्या पट्टीनं आवळल्या, पट्ट्यांची टोकं कापली. वहीत समास सोडल्याशिवाय एक ओळ न लिहिणारा माणूस. वायरी लोंबकळत ठेवणं त्यांना शक्यच नव्हतं.

शेवटी एकच वायर उरली. प्रोसेसरला वीज देणारी वेगळी छोटी वायर असते, वरच्या कोपऱ्यात, पटकन दिसत नाही. नवीन शिकणारे हटकून ती विसरतात. ती नसली तर पंखे फिरतात, दिवे लागतात, सगळं थाटात चालतं आणि पडदा मात्र काळा. एका मार्काची चूक असेल तर हीच. मास्तरांनी ती लावली नाही. झाकण लावलं, हात पुसले आणि म्हणाले, झालं बहुतेक.

मुलीनं बटण दाबलं. पंखे फिरले, दिवा लागला. पडदा काळा. मास्तरांचा जीव भांड्यात पडला आणि त्यांनी चेहऱ्यावर जमेल तेवढा वाईट वाटल्याचा भाव आणला.

 वीज बंद करून मुलीनं झाकण काढलं, पिशवीतून बॅटरी काढली आणि आत प्रकाश टाकला. रॅम बघितली. पंखा बघितला. मग बॅटरीचा झोत वरच्या कोपऱ्यात गेला आणि तिथंच थांबला. फार वेळ थांबला. मास्तरांनी वाकून बघितलं आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली.

ती छोटी वायर त्यांनीच मागून फिरवून आणली होती. तिच्या सॉकेटच्या अगदी शेजारी, नखाएवढ्या अंतरावर, तोंड बरोबर बाजूला करून, पट्टीनं घट्ट आवळून ठेवली होती. पट्टीचं टोकही कापलं होतं. विसरलेली वायर कुठेतरी लोंबत असते. ही कुणी विसरलेली नव्हती.

मुलीनं बॅटरी विझवली. तिनं मास्तरांकडे बघितलं, टेबलाच्या कडेला राहिलेल्या दातांच्या आरशाकडे बघितलं, मग भिंतीलगतच्या आईच्या जुन्या कॉम्प्युटरकडे. रॅमवरची चिकटपट्टी, सरकलेली पिन, पुन्हा पुन्हा सैल होणारा पंखा, सगळे रविवार तिच्या चेहऱ्यावरून एकेक करून जाताना मास्तरांना दिसत होते. कॉपी पकडल्यावर पोरं ज्या नजरेनं जमिनीकडे बघायची त्या नजरेनं ते जमिनीकडे बघू लागले. आता ती उठणार, पिशवी उचलणार, आणि बंद डबा पाठवून देणार. त्यात तिची काही चूक नसणार हेही त्यांना मान्य होतं.

"बाकी सगळं बरोबर आहे," मुलगी म्हणाली.  "एक पायरी गाळलीत, बाबा. एक मार्क कापला."

 जन्मात जे शब्द उच्चारले नव्हते ते मास्तरांच्या तोंडून निघाले. "ग्रेस मिळेल का गं?"

"आपल्या घरात ग्रेस देत नाहीत." तिनं पिशवीतून छोटी कात्री काढली. "नापास. पुढच्या रविवारी परत बसा."

मग ती वाकली आणि तिनं ती वायर आवळणारी पट्टी कचकन कापली. वायर सुटून खाली लोंबू लागली, कुणीही विसरून जावी अशी. मुलीनं ती सॉकेटला लावली नाही. झाकण बसवलं, स्क्रू पिळले आणि कापलेला पट्टीचा तुकडा आपल्या खिशात टाकला.

"आणि बाबा," ती खुर्चीत परत टेकत म्हणाली, "पुढच्या वेळी विसरायचं असेल तर बांधून ठेवू नका."

मास्तर चहा टाकायला आत गेले, आणि आत बराच वेळ राहिले.